विश्लेषण : जुन्या मिक्सरची खरखर घालवायची कशी? चुकीचा स्प्रे फेडर का बिघडवतो?

मंगलाष्टके सुरू झालेली असतात. मंडपात वऱ्हाडी अक्षता घेऊन उभे असतात. साउंडवाला भटजींच्या माइकचा आवाज थोडा वाढवावा म्हणून फेडर वर सरकवतो आणि स्पीकरमधून ‘खर्रर्र’ असा आवाज फुटतो. साऱ्या मंडपाच्या माना त्याच्याकडे वळतात. जळगाव-धुळ्याकडच्या लग्नसराईत हे दृश्य नवे नाही. यानंतर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ‘मिक्सर गेला’ असे ठरवून तो पडत्या भावात विकला जातो. नाहीतर हाताशी असेल तो स्प्रे नॉबच्या फटीत मारला जातो. मग चार-आठ दिवस मिक्सर छान चालतो आणि नंतर पहिल्यापेक्षा जास्त खरखरतो. ही खरखर येते कुठून, ती स्वतः किती दूर करता येते आणि हात कुठे थांबवायचा, याविषयी.

हा मिक्सर म्हणजे नेमका कोणता?

मिक्सर म्हटले की आधी स्वयंपाकघरातला आठवतो. इथे विषय आहे तो आवाजाच्या मिक्सरचा. माइक, हार्मोनियम, ढोलकी, कीबोर्ड, मोबाइलवरचे गाणे असे वेगवेगळे आवाज एकत्र करून अॅम्प्लिफायरकडे पाठवणारे हे यंत्र. त्यावर प्रत्येक आवाजासाठी एक उभी रांग असते, तिला चॅनल म्हणतात. रांगेत सर्वांत वर गेनचा नॉब, त्याखाली हाय, मिड, लो, मग इको किंवा मॉनिटरकडे आवाज पाठवणारे ऑक्स, डावे-उजवे करणारा पॅन आणि सर्वांत खाली वर-खाली सरकणारा फेडर. एका चॅनलला आठ नॉब धरले तरी बारा चॅनलच्या मिक्सरवर शंभराच्या आसपास नॉब होतात. म्हणजे धूळ आत शिरायला शंभर जागा आणि त्याशिवाय फेडरच्या बारा लांब फटी.

असे जुने मिक्सर आजही खान्देशात भरपूर कामात आहेत. मंडप-साउंडवाल्यांकडे ते आहेत, गावोगावच्या भजनी मंडळांकडे आहेत, हरिनाम सप्ताहात कीर्तनकाराच्या बाजूला आहेत, शाळांच्या स्नेहसंमेलनात आहेत. अहिराणी गाण्यांची रेकॉर्डिंग करणाऱ्या एका खोलीच्या स्टुडिओतही कुणाकडून तरी घेतलेला जुना मिक्सर दिसतो. भजनी मंडळाचा मिक्सर अनेकदा वर्गणीतून घेतलेला असतो. तो बिघडला म्हणून लगेच नवा घेणे प्रत्येकाला परवडत नाही.

खान्देशात ही तक्रार जास्त का?

पहिले कारण धूळ. धुळ्याचे नाव आणि धूळ यांवर विनोद होतच असतात, पण साउंडवाल्यासाठी तो विनोद नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. कार्यक्रम बहुतेक उघड्यावर, शेताच्या कडेला किंवा नुकत्याच सपाट केलेल्या मोकळ्या जागेत. जिनिंगच्या परिसरात कापसाची बारीक रुई उडते, जळगावच्या डाळमिल असलेल्या भागात टरफलाचा भुसा. त्यात लग्नाची हळद आणि गणपती मिरवणुकीतला गुलाल. गुलालाचे कण इतके बारीक असतात की फेडरच्या फटीतून ते सहज आत उतरतात.

दुसरे कारण उष्णता. जळगाव आणि भुसावळचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जाणे नेहमीचे आहे. टेम्पोच्या हौद्यात ताडपत्रीखाली ठेवलेल्या यंत्राच्या आत तापमान त्याहून जास्त असते. उष्णतेने फेडरमधले वंगण सुकते आणि आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लवकर म्हातारे होतात. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे.

तिसरे कारण दमट हवा. जूननंतर तोच मिक्सर महिनोन्‌महिने गोदामात पडून राहतो. वापर नाही आणि हवा ओलसर, त्यामुळे धातूच्या स्पर्शबिंदूंवर काळपट थर चढतो. गणेशोत्सवाच्या पहिल्या दिवशी मिक्सर खरखरतो तो बहुधा या पावसाळी विश्रांतीमुळे.

खरखर येते कुठून?

प्रत्येक नॉबच्या खाली एक पोटेन्शिओमीटर असतो. दुकानात त्याला ‘पॉट’ किंवा नुसते ‘व्हॉल्यूम कंट्रोल’ म्हणून मागतात. त्याच्या आत कार्बनचा एक पट्टा असतो. गोल नॉबमध्ये तो घोड्याच्या नालेसारखा वळलेला असतो, फेडरमध्ये सरळ. या पट्ट्यावरून धातूच्या बारीक बोटांचा एक तुकडा सरकतो, त्याला वायपर म्हणतात. वायपर पट्ट्यावर कुठे उभा आहे, यावर किती आवाज पुढे जायचा ते ठरते.

वायपर आणि पट्टा यांचा स्पर्श अखंड असेल तर आवाज अलगद वाढतो किंवा कमी होतो. मध्ये धुळीचा कण आला, धातूवर गंज किंवा काळपट थर चढला किंवा झिजलेल्या कार्बनची भुकटी साचली, तर स्पर्श तुटतो आणि जोडला जातो, पुन्हा तुटतो. एका सेकंदात असे अनेकदा झाले की स्पीकरमधून खरखर येते. आवाजाची पातळी मोठी असेल तर हे झटके स्पीकरला, विशेषतः वरच्या पट्टीच्या नाजूक ड्रायव्हरला घातक ठरू शकतात. त्यामुळे ‘चालतंय तोवर चालू दे’ हे धोरण कधी कधी मिक्सरपेक्षा महागड्या वस्तूवर बेतते.

फेडर नॉबपेक्षा नाजूक का?

सुरुवातीच्या काळात रेडिओ आणि रेकॉर्डिंगच्या टेबलांवर गोल नॉबच असत. न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्समधले अभियंते टॉम डाऊड यांनी १९५० च्या दशकात सरकते फेडर वापरात आणले, असे मानले जाते. एका हाताच्या बोटांनी अनेक आवाज एकाच वेळी हलवता यावेत, हा त्यामागचा विचार. सोय मोठी झाली, पण एक अडचणही आली. गोल पॉट जवळपास बंद डबीत असतो, फेडरला मात्र वर उघडी फट लागतेच. पडणारी प्रत्येक गोष्ट सरळ पट्ट्यावर जाते.

फेडरमध्ये आणखी एक गोष्ट असते, जी बाहेरून दिसत नाही. तो ज्या दांड्यांवर किंवा खाचांत सरकतो, तिथे कारखान्यातच विशिष्ट ग्रीस लावलेले असते. बोटाला जाणवणारा तो मऊ, जडसर सरकाव या ग्रीसमुळे असतो. चुकीचा स्प्रे नेमके हेच ग्रीस विरघळवतो. विरघळलेले ग्रीस वाहत कार्बनच्या पट्ट्यावर जाते, तिथे धुळीत मिसळते आणि चिखल होतो. द्रव ओला असेपर्यंत खरखर थांबते, म्हणून ‘औषध लागू पडले’ असे वाटते. वाळल्यावर फेडर कोरडा, खरबरीत किंवा चिकट होतो. आठ दिवसांनी दुप्पट खरखर येण्याचे कारण हे.

सफाईआधी दोष कसा ओळखायचा?

प्रत्येक खरखर नॉबची नसते. स्प्रे हातात घेण्याआधी हेडफोन लावून पाच मिनिटे ही तपासणी करा.

• नॉब किंवा फेडर हलवतानाच खरखर येते, हात काढला की थांबते : दोष त्याच नॉबचा. सफाईने जाण्याची शक्यता चांगली.

• हात न लावताही खरखर चालू आहे : आधी केबल बदला, मग माइक बदला, मग तोच माइक दुसऱ्या चॅनलला लावा. दोष केबलबरोबर फिरला तर मिक्सर निर्दोष.

• सगळ्या चॅनलवर खरखर आहे : मास्टर फेडर, आउटपुटची जॅक किंवा पॉवर सप्लाय बघा.

• एखाद्या चॅनलचा आवाज मध्येच बारीक होतो किंवा गायब होतो : मागे ‘इन्सर्ट’ लिहिलेली जॅक असेल तर तिच्यात साधा जॅक पाच-सहा वेळा घाला आणि काढा. काही न जोडलेले असताना आवाज या जॅकमधल्या धातूच्या पात्यांतूनच पुढे जातो. पात्यांवर थर चढला की चॅनल रुसतो. कित्येक ‘मेलेले’ चॅनल एवढ्यानेच जागे होतात.

• मिक्सरवर थाप मारली की आवाज येतो-जातो : ड्राय सोल्डर किंवा सैल झालेली पट्टी-केबल. टेम्पोतल्या हादऱ्यांनी हे होते. इथे स्प्रेचा काही उपयोग नाही.

• सतत ‘घूं’ असा घुमणारा आवाज आहे : ही खरखर नव्हे, हम आहे. अर्थिंग, पॉवर सप्लाय किंवा वायरिंग तपासायला हवे. अर्थिंगची पिन तोडून हम घालवण्याचा उपाय मात्र करू नये. माइक हातात धरणाऱ्याच्या जिवाशी तो खेळ आहे.

कोणता स्प्रे चालतो, कोणता नाही?

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. ‘कॉन्टॅक्ट क्लीनर’ या एका नावाखाली वेगवेगळी रसायने विकली जातात.

गंज सोडवणारा नेहमीचा स्प्रे : डब्ल्यूडी-४० हे नाव सर्वांना माहीत आहे. अमेरिकेत १९५३ मध्ये तो तयार झाला तो पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातले डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणे आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. दाराची बिजागरी, गंजलेला नट यांसाठी तो उत्तम. पण तो मागे तेलकट थर ठेवतो आणि त्या थरावर धूळ चिकटते. फेडरमध्ये तो नको. याच नावाने वेगळा कॉन्टॅक्ट क्लीनरही मिळतो, त्यामुळे डब्यावरचे पूर्ण नाव वाचावे.

झटपट वाळणारा कोरडा क्लीनर : स्विच, जॅक, कनेक्टर यांसाठी चांगला. पॉट आणि फेडरमध्ये मात्र तो घाणीबरोबर वंगणही धुऊन नेतो. वापरलाच तर नंतर योग्य वंगण द्यावे लागते.

वंगणासह येणारा फेडर क्लीनर : कार्बन आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांसाठी खास बनवलेला असतो. उदाहरणार्थ, डीऑक्सिट नावाच्या मालिकेत डी प्रकार धातूच्या स्पर्शबिंदूंसाठी आहे आणि एफ प्रकार फेडरसाठी. साध्या कॉन्टॅक्ट क्लीनरपेक्षा हा महाग पडतो, पण एका वेळी लागतो अगदी थोडा.

आयसोप्रोपिल अल्कोहोल : ९९ टक्क्यांचे असेल तर सुट्या केलेल्या भागांना पुसण्यासाठी उपयोगी. हातांना लावायच्या सॅनिटायझरमध्ये पाणी आणि इतर घटक असतात, तो वापरू नये.

पेट्रोल, रॉकेल, थिनर, खोबरेल तेल, शिलाई मशिनचे तेल : यातले काहीही नको. थिनर प्लॅस्टिक खातो, तेल धूळ धरते आणि पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते. आसपास जनरेटर, गरम सोल्डरिंग आयर्न किंवा कुणाची विडी असेल तर अपघाताला वेळ लागत नाही.

सफाईचा योग्य क्रम कोणता?

१. आधी अॅम्प्लिफायर बंद करा, मग मिक्सर. मिक्सरची पिन बोर्डातून काढा. पॉवर सप्लाय आतच असलेला मिक्सर उघडायचा असेल तर पिन काढून काही वेळ थांबा. मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. त्या भागाला बोट लावू नका.

२. सर्व नॉब कुठे आहेत, कोणत्या रंगाची टोपी कुठे आहे, याचे मोबाइलवर फोटो काढा. हे काम एका मिनिटाचे आहे आणि नंतरचा तासभर वाचवते.

३. आधी कोरडी सफाई. मऊ ब्रशने पृष्ठभाग झाडा आणि व्हॅक्यूम क्लीनरची नळी जवळ धरून धूळ ओढून घ्या. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्या हवेत पाणी आणि तेलाचे थेंब असतात, शिवाय जोर एवढा की वरची धूळ आणखी आत जाते. कोरडी धूळ काढल्याशिवाय द्रव मारणे म्हणजे आत चिखल करणे.

४. नॉबच्या टोप्या सरळ वर ओढून काढा. स्क्रू ड्रायव्हर लावून उचकटू नका, पॅनेलवर चरे पडतात आणि पॉटचा दांडा वाकतो. घट्ट टोपीखाली जाड दोरा किंवा कापडाची पट्टी गुंडाळून वर ओढली तर ती निघते. टोप्या कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा.

५. पहिला उपाय बिनखर्चाचा. प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा, फेडर तितक्याच वेळा वर-खाली करा. हलका थर एवढ्याने घासून जातो. कित्येकदा इथेच काम संपते.

६. खरखर उरली तरच क्लीनर. गोल पॉटच्या पायांजवळ, जिथून तो सर्किट बोर्डाला जोडलेला असतो, तिथे छोटी फट असते. स्प्रेची बारीक नळी तिथे धरून अर्ध्या सेकंदाचा एकच फवारा द्या. दांड्याच्या वरून मारलेला स्प्रे पट्ट्यापर्यंत क्वचितच पोहोचतो, उलट दांड्याचे ग्रीस मात्र घालवतो. फवाऱ्यानंतर लगेच नॉब वीस-तीस वेळा फिरवा.

७. फेडरसाठी मिक्सर थोडा तिरका धरा, म्हणजे जास्तीचा द्रव एका टोकाला येईल. दोन्ही टोकांना अगदी थोडा फेडर क्लीनर द्या, फेडर हलवा आणि वर आलेली काळी घाण धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपून घ्या.

८. पूर्ण वाळू द्या. घाई नको. मिक्सर रात्रभर उघडा ठेवून सकाळी चालू करणे उत्तम. आधी मिक्सर, शेवटी अॅम्प्लिफायर, तोही आवाज शून्यावर ठेवून.

मिक्सर वॉरंटीत असेल तर तो स्वतः उघडू नये, हे वेगळे सांगायला नको.

फेडर काढून साफ करायचा असेल तर?

फेडरमध्ये चहा किंवा थंड पेय सांडले असेल तर वरवरचा फवारा पुरत नाही. साखरेचा पाक पट्ट्यावर वाळून बसतो. धुराच्या मशिनचाही चिकट थर आत साचतो. अशा वेळी फेडर बाहेर काढावा लागतो. काही मिक्सरमध्ये तो दोन स्क्रू आणि एका कनेक्टरवर असतो, ते काम सोपे. बहुतेक स्वस्त मिक्सरमध्ये तो सरळ बोर्डाला सोल्डर केलेला असतो. सोल्डरिंगचा हात नसेल तर इथेच थांबावे.

बाहेर काढलेल्या फेडरच्या पत्र्याचे छोटे कान वळवले की तो उघडतो. पट्टा ९९ टक्के अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसावा. खोडरबर, पॉलिश पेपर किंवा ब्लेड अजिबात लावू नये. कार्बनचा थर अतिशय पातळ असतो आणि एकदा खरवडला की परत येत नाही. वायपरची बोटे केसासारखी बारीक असतात, ती वाकली तर फेडर गेलाच. शेवटी ग्रीस लावायचे ते फक्त सरकण्याच्या दांड्यांना, पट्ट्याला नाही.

साफ केल्यावरही खरखर राहिली तर?

तीन शक्यता उरतात. एकाच ठरावीक जागी खरखर येत असेल किंवा तिथे आवाज पूर्ण जात असेल, तर पट्टा तिथे झिजला आहे. फेडर बहुतेक वेळ शून्याच्या खुणेच्या आसपासच खेळत असल्याने झीजही तिथेच होते. असा फेडर बदलणे हाच उपाय.

नॉब पूर्ण फिरवताना सगळीकडे सारखीच खरखर येत असेल आणि साफ केल्यावर लगेच परत येत असेल, तर पॉट निर्दोष असू शकतो. त्याच्या आधीचा कपॅसिटर गळका झाला की नको असलेला डीसी प्रवाह पॉटमध्ये शिरतो. मग नवा कोरा पॉटही खरखरतो. कपॅसिटर बदलल्यावरच ती थांबते. हे न ओळखता पॉटवर पॉट बदलणाऱ्यांचे पैसे वाया जातात.

तिसरी शक्यता, पॉटचे पाय बोर्डावर सैल झालेले असणे. पुन्हा सोल्डर केले की काम होते.

पॉट बदलताना जुन्यावरचा आकडा जपून ठेवा. ‘बी १० के’ म्हणजे १० किलो-ओहमचा, सरळ प्रमाणात बदलणारा. ‘ए’ म्हणजे कानाला पटेल अशा चढत्या प्रमाणात बदलणारा. आवाजाच्या नॉबला ‘ए’च्या जागी ‘बी’ लावला तर सुरुवातीलाच आवाज एकदम चढतो आणि पुढे फारसा फरक जाणवत नाही. दांड्याची लांबी, पायांची संख्या, फेडरची चाल ६० मिलिमीटरची की १०० मिलिमीटरची, हेही जुळले पाहिजे. म्हणून जुना नमुना खिशात घेऊनच दुकानात जावे.

नेमका भाग मिळत नसेल तर जुन्या मिस्त्रींची एक युक्ती उपयोगी पडते. मुख्य माइक नेहमी पहिल्या-दुसऱ्या चॅनलवर असतो, त्यामुळे त्यांचे फेडर आधी झिजतात. अकरावा-बारावा चॅनल जवळजवळ नवा असतो. फेडर एकाच प्रकारचे असतील तर त्यांची अदलाबदल करता येते. आणि तेवढेही जमत नसेल तर माइक सरळ दहाव्या चॅनलला लावून कार्यक्रम निभावता येतो.

डिजिटल मिक्सरला हा त्रास नाही?

आहे, पण रूप वेगळे. बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये आवाज फेडरमधून जात नाही. फेडर फक्त आपली जागा आतल्या संगणकाला कळवतो. त्यामुळे धूळ गेली तर खरखर येत नाही, तर आवाजाची पातळी आपोआप उड्या मारते किंवा मोटरवर चालणारा फेडर मध्येच अडकतो. गोल फिरणारे एन्कोडर एका खुणेऐवजी दोन-तीन खुणा पुढे-मागे जातात. मोटरच्या फेडरमध्ये स्वतः द्रव मारू नये. वर कापड झाकणे आणि ब्रशने झाडणे एवढेच घरी करावे.

रोजची निगा कशी राखावी?

खरे तर सफाईपेक्षा हे महत्त्वाचे. कार्यक्रम संपला की मिक्सरवर घट्ट विणीचे सुती कापड टाका आणि मग पेटीत ठेवा. गरम मिक्सर लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला तर आत ओल धरते. धुळ्याकडे हिवाळ्यात रात्री पारा चांगलाच घसरतो, तेव्हा उघड्यावरून उबदार खोलीत आणलेला मिक्सर लगेच चालू करू नये. दव सुकायला वेळ द्यावा.

हळद, गुलाल आणि कागदी फुलांच्या तोफा यांच्या वेळी मिक्सर मंचापासून दूर आणि शक्यतो उंच टेबलावर ठेवा. मिक्सरवर चहाचा कप ठेवायचा नाही, हा नियम सर्वांना लागू, मालकालाही. वापर नसलेल्या महिन्यांत आठवड्यातून एकदा सगळे नॉब आणि फेडर टोकापासून टोकापर्यंत हलवा आणि महिन्यातून एकदा मिक्सर तासभर चालू ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. टेम्पोत मिक्सर हौद्यात न ठेवता चालकाच्या बाजूला, खाली स्पंज घालून ठेवला तर ड्राय सोल्डरचा त्रासही कमी होतो.

मिस्त्रीकडे कधी न्यायचा?

पॉवर सप्लायचा दोष, जळका वास, हाताला झिणझिण्या, एकाच वेळी अनेक चॅनल बंद पडणे, सोल्डरिंगची गरज यांपैकी काहीही असेल तर. जळगावचे गोलाणी मार्केट मोबाइल आणि संगणकाच्या दुरुस्तीसाठी सर्वांना माहीत आहे, पण मिक्सरची दुरुस्ती हे वेगळे काम आहे. मिस्त्रीला ‘खरखर येते’ एवढेच न सांगता कोणत्या चॅनलवर, कोणता नॉब हलवल्यावर, कोणत्या जागी येते आणि आधी कोणता स्प्रे मारला होता, हे सांगा. शेवटची गोष्ट लपवू नका. त्यावरूनच फेडर धुवायचा की बदलायचा, हे ठरते.

दुरुस्तीचा खर्च आणि जुन्या मिक्सरची किंमत यांची तुलना जरूर करावी. दोन-चार फेडर आणि काही कपॅसिटर बदलून मिक्सर आणखी काही वर्षे चालणार असेल तर तो विकण्याचे कारण नाही. मास्टरसह निम्मे फेडर झिजलेले आणि भाग मिळत नाहीत, अशी स्थिती असेल तर मात्र त्यावर पैसे घालू नयेत. हा हिशेब लग्नाच्या आदल्या रात्री होत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर, हंगाम उतरला की एक रिकामी दुपार त्यासाठी काढावी. गणपतीच्या पहिल्या आरतीला माइक खरखरला नाही, तर ती दुपार सार्थकी लागली म्हणायचे.